तळातला हरभरा

आमच्या गावचं तळं बघून पाहुणे म्हणायचे, किती शांत जागा आहे! मला हसू यायचं. एवढी मारकुटी जागा मी दुसरी पाहिली नाही.

दक्षिणेला सरकारनं घातलेला बांध होता. वायव्येकडून ओढा आत यायचा आणि येताना डोंगराची काळी माती आणून तळाशी टाकायचा. पावसाळा सरला की पाणी उतरायचं आणि उघड्या पडलेल्या गाळात आम्ही हरभरा पेरायचो. काठावर ज्याचं रान, त्याची पट्टी रानापासून सरळ पाण्यापर्यंत. पाणी जेवढं मागं हटेल तेवढी पट्टी लांब. आता काठ गोल असला की सगळ्या पट्ट्या आत जाऊन एकमेकींवर चढणार, हे ती रीत घालणाऱ्या शहाण्यांच्या डोक्यात आलंच नसावं. दर साली दोन-चार डोकी फुटायची. माझ्या सासऱ्यांचा अर्धा कान असाच गेला होता, आणि ते तो पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे.

माझी थोरली बहीण, आक्का, समोरच्या काठावरच्या गावात दिलेली. मध्ये मैलभर पाणी, म्हणून आमच्या दोघींच्या पट्ट्या कधी भिडल्या नाहीत.

लढाईच्या दिवसांत एका साली पाऊस पडलाच नाही. नवरा पलटणीत, चार महिने त्याची खबर नव्हती. सासरे वारलेले. घरात मी आणि दोन पोरं. दिवाळीला तळ्याच्या मधोमध गुडघाभर डबकं उरलं आणि सगळे मासे त्यात कोंडले. बगळे नि करकोचे जिवंत मासे फाडून खात होते. मग दोन्ही गावं काठ्या घेऊन उतरली. मरळ मासा चिखलात दडतो, म्हणून लोक कुदळीनं चिखल खणत होते. घाव बसला की चिखल लाल व्हायचा. एकाची कुदळ शेजाऱ्याच्या पायात शिरली, तरी कुणी थांबलं नाही. चार दिवसांत डबकंही आटलं.

मी घरातलं शेवटचं बी घेऊन पार मध्यापर्यंत पेरत गेले. पलीकडून आक्का पेरत आली. आम्ही तिथंच बसून भाकरी खाल्ली.

"हद्द कुठं धरायची?" मी विचारलं.

"आपल्या आपल्यात कसली हद्द गं?" आक्का म्हणाली.

इथंच आम्ही फसलो. माघात, पहाटेची आंब, हरभऱ्याचं ते आंबट दव, झाडावर असतानाच मी विळा घेऊन गेले, तर आक्का आधीच मधला हरभरा उपटत होती.

"आक्का, ह्यो माझा हाय."

"तुझा कुठला? हितवर मी पेरलंय."

"माझी पोरं काय खातील?"

"आन् माझी?"

ती उपटतच राहिली. मी तिचा अंबाडा धरून तिला मागं ओढलं. तिनं मला आडवं पाडलं, छातीवर गुडघा दिला नि तोंडावर मारत सुटली. विळा माझ्या हातातच होता. मी तो फिरवला. तिनं डावा हात मध्ये घातला आणि दोन बोटं तुटून लोंबली. आंबेनं भिजलेला तो हात किती चुरचुरला असेल! ती ओरडली नाही. पदर गुंडाळून निघून गेली. आणि मी, खरं सांगते, उरलेला हरभरा उपटत राहिले.

आता आक्काच्या सासरचे पुरुष कुऱ्हाडी घेऊन येणार, हे मला ठाऊक होतं. पोरांना शेजारच्या घरी झोपवून मी कोयता उशाला घेत होते. आठव्या दिवशी दाजी आले. एकटेच, डोक्यावर पोतं.

"तुझी आक्का लय येंधळी बघ," ते म्हणाले. "सवताच्याच विळ्यानं दोन बोटं घालवली. ह्यो हरभरा तुझ्या पट्टीतला हाय म्हनं. तिनं चुकून उपटला."

मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण पोरं पोत्याकडे टक लावून बघत होती. मी पोतं उतरवून घेतलं. त्या हरभऱ्यावर आम्ही आषाढापर्यंत जगलो. मग पाऊस आला, तळं भरलं, आणि तिच्या-माझ्यात पुन्हा मैलभर पाणी आलं, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज मला अजून वाटते.