बचावाची दोन पानं

वैशाखात ग्वाल्हेरची गच्ची संध्याकाळी साडेसातलाही अनवाणी पायांना सोसत नाही. दिवसभर प्यालेलं ऊन फरश्या सावकाश परत करत असतात. बादलीभर पाणी शिंपडलं की आधी चर्र असा आवाज, मग तापल्या धुळीचा उष्ण गंध, आणि मग कुठे खुर्च्या मांडण्यापुरता गारवा. दर्पण कॉलनीतल्या आमच्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी आम्ही तिघं उभे होतो. वायव्येला किल्ल्याची लांबलचक काळी कड, तिच्यावर विझत चाललेली तांबूस आभा, आणि नैर्ऋत्येकडून वर चढत आलेला एक प्रकाशबिंदू. तो लुकलुकत नव्हता, विमानासारखा लाल-हिरवा होत नव्हता. कुणी पेटती समई दोन्ही हातांनी जपत, ज्योत हलू न देता, एका दालनातून दुसऱ्या दालनात न्यावी तसा तो निःशब्द आकाश ओलांडत होता.

“आत्ता त्या अंतराळस्थानकात सात जण आहेत,” इरा म्हणाली. “कोणी जेवत असेल, कोणी व्यायाम करत असेल. आई, तिथे माणसं राहतात, खरोखर राहतात.”

इरा माझी मुलगी. दक्षिणेतल्या एका शहरात, अंतराळातल्या यानांवर आणि कचऱ्यावर नजर ठेवणाऱ्या एका केंद्रात ती काम करते. कोणता तुकडा कोणाच्या किती जवळून जाणार याचं गणित मांडायचं आणि वेळेत इशारा द्यायचा, हे तिचं काम. या गणिताचा श्रीगणेशा केला तो माझ्या मोठ्या दिरांनी. इरा पाच वर्षांची असताना तिचे वडील गेले, आणि त्याच वर्षी भाऊजी तोफखान्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आले ते कायमचेच. आमच्या घराण्यातले पुरुष तलवार घेऊन दख्खनेतून इकडे आले. भाऊजी त्या ओळीतले शेवटचे शिपाई. तोफेचा कोन, गोळ्याची वाट, वाऱ्याची ओढ, हे सगळं ते जेवणाच्या ताटात वाटाणे मांडून त्या चिमुरडीला समजावत. मी संस्कृतची प्राध्यापिका. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण ताट थंड होतंय म्हणून रागवायचीही हिंमत होत नसे, इतकी ती दोघं त्यात रमलेली असत.

त्या संध्याकाळी बिंदू माथ्यावर आला तेव्हा भाऊजींनी मान वर करून, सहज, जुन्या सवयीनं विचारलं, “इरा, हे रोज ठरल्या वेळेला, ठरल्याच वाटेनं जातं ना? छपतही नाही, थांबतही नाही? मग ह्याला पाडायला लागतं तरी काय? ये तो सबसे आसान निशाना हुआ.”

मला वाटलं, ती नेहमीसारखी काकाची थट्टा करेल. तिचा चेहरा उतरला. “काका, प्लीज,” एवढंच म्हणून ती जिना उतरून गेली. वर तो प्रकाश पृथ्वीच्या छायेत शिरला आणि कुणी फुंकर घालावी तसा दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, कूलरच्या घरघरीत, भाऊजी वामकुक्षीला गेल्यावर तिनं मला सांगितलं. आदल्या कार्तिकात एका देशानं आपलाच एक जुना, निकामी उपग्रह क्षेपणास्त्र मारून फोडला होता. चाचणी म्हणून, आपल्याला हे जमतं हे चारचौघांना कळावं म्हणून. त्याचे असंख्य तुकडे अंतराळस्थानकाच्या वाटेवर विखुरले. त्या दिवशी इरा कामावर होती. वरच्या माणसांना झोपेतून उठवलं गेलं, परतीच्या कुपीत जाऊन बसायला आणि दारं लावून घ्यायला सांगितलं गेलं. स्थानक दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं; म्हणजे दर दीड तासानं ती माणसं पुन्हा त्याच ढगातून जाणार होती. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा.

“आम्ही काय करायचो माहितेय?” ती म्हणाली. “फक्त मोजायचो. और कुछ कर ही नहीं सकते थे. एक फेरी झाली की पडद्यावर पाहायचो, स्थानकात अजून हवा टिकून आहे ना. मग पुढच्या दीड तासाची वाट.”

त्या वेळी कोणाला काही झालं नाही. पण त्यानंतर तिच्या वरिष्ठांनी तिच्यावर एक काम सोपवलं. उद्या आपलंही असं एक घर वर बांधायचं घाटतं आहे. तेव्हा शत्रूनं ठरवलं तर माणसं राहत असलेलं स्थानक तो कसकसं निकामी करू शकेल, आणि त्यावर बचाव काय, याचा अहवाल तिनं लिहायचा. किती रास्त काम! बचाव शोधायचा तर आधी घाव ओळखायला नको का? तिनं होकार दिला आणि तीन महिने, रोज सकाळी डबा घेऊन जाऊन, कचेरीत बसून, ती ते घर नाना परींनी मोडत राहिली.

“आई, त्याची भिंत म्हणजे ॲल्युमिनियमचा पत्रा. बाहेरून ढाल असते, पण ती मोहरीएवढ्या कणापुरती. बोराएवढं काही समोरून आलं तर ढाल उपयोगाची नाही. आणि नेम धरून मारायचीही गरज नाही. शेजारचंच काहीतरी फोडायचं, बाकीचं काम कचरा करतो. ते पळू शकत नाही. वाट बदलायची तर आधी ठरवावं लागतं. हल्ल्याची प्रकरणं लिहीत गेले, लिहीत गेले, शंभरावर पानं झाली. आणि बचावाच्या प्रकरणात दोन पानं. तीही मी ओढूनताणून भरलीत.”

मी तीस वर्षं वर्गात घटाकाशाचा दृष्टान्त शिकवला. घटातलं आकाश आणि बाहेरचं महाकाश मुळात एकच. घट फुटला की उपाधी, म्हणजे ती मातीची मर्यादा, नाहीशी होते आणि आकाश आकाशाला मिळतं. किती प्रसन्न, किती आश्वासक वाटायचा तो मला! फळ्यावर घडा काढताना माझ्या मनात कधी आलं नाही, की त्या घड्यात कोणी श्वास घेत असेल तर? त्याची आई खाली कुठल्यातरी गावात कणीक मळत असेल तर? तत्त्वज्ञानाला फुटलेल्या घटाचं दुःख नसतं, कारण तत्त्वज्ञानाच्या घटात कोणी राहत नाही. आमच्या या गावानं तटबंदीवर केवढा विश्वास टाकला! उभा कडा, वर पाण्याची टाकी, सात-सात दारं. आणि तरी तो किल्ला किती वेळा पडला, कितीकांच्या हातून कितीकांकडे गेला. पण तिथल्या पहारेकऱ्याला निदान दूरवरची धूळ दिसत असे. दार लावायला, घोडं काढायला, मुलाबाळांना भुयारात न्यायला घटकाभर अवधी मिळत असे. इराच्या त्या सात माणसांना काय मिळणार होतं? धूळ जिथे दिसण्याआधीच अंगावर येते, तिथे पहारा या शब्दाला तरी काय अर्थ?

“मग तू काय करणार आहेस?” मी विचारलं.

“तेच कळत नाहीये. दिला, तर ही कोणाच्याही हातात पडेल अशी कृती आहे, रेसिपीच म्हण. नाही दिला, तर आपली माणसं त्या पत्र्यात जाऊन बसणार आणि त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं असं होणार.”

दारात भाऊजी उभे होते. कधीपासून, कोण जाणे. ते आत येऊन वेताच्या मोढ्यावर बसले, आणि ज्या माणसानं पंचवीस वर्षांत आपल्या नोकरीतला एक चहाचा किस्सा सोडला तर काही सांगितलं नव्हतं, तो बोलू लागला.

“आम्ही डोंगरावर होतो. समोरच्या उतारावर त्यांची चौकी. दुर्बिणीतून सगळं दिसायचं. रोज सकाळी एक जण पाणी आणायचा. एक उंचसा होता, तो कपडे वाळत घालायचा, त्याचा स्वेटर निळा होता. मी अंतर काढलं, कोन काढला, वहीत लिहून ठेवलं. हुकूम नव्हता, महिनाभर नुसतं बघत होतो. तो मला ओळखीचा झाला होता, इरा. थंडीत त्याला उशीर झाला की मी म्हणायचो, आज दिसला नाही, आजारी आहे काय. मग एका सकाळी हुकूम आला.”

मी उठून कूलर बंद केला.

“पहिलाच गोळा बसला. साहेबांनी पाठ थोपटली. गणित बरोबर होतं, बेटा. गणित माझं कधीच चुकलं नाही. पण कागदावर मी ‘चौकी’ लिहिलं होतं. स्वेटर नव्हता लिहिला.”

“लिहिला असता तर हुकूम आला नसता का, काका?”

“आला असता.” भाऊजींनी तिच्या डोळ्याला डोळा दिला. “पण वाचणाऱ्याला वाचावं लागलं असतं. तू अहवाल दे. दिल्याशिवाय चालणार नाही, तुझ्या माणसांचा हक्क आहे तो. लेकिन पहले पन्ने पर लिख दे, इथे माणसं राहतात म्हणून. काय खातात, किती वाजता झोपतात, सब लिख.”

इरा रडली नाही. ती लहानपणी ताटातल्या वाटाण्यांकडे पाहायची तशी त्यांच्या हातांकडे पाहत राहिली. ऐंशीच्या घरातले ते हात गुडघ्यांवर पालथे पडले होते. मग तिनं त्यांतला एक आपल्या हातात घेतला.

आषाढात तिनं अहवाल दिला. पहिलं पान तिनं मला फोनवर वाचून दाखवलं होतं. त्यात सांख्यिकी नव्हती, सूत्र नव्हतं. तिथे राहणाऱ्यांना एका दिवसात सोळा सूर्योदय दिसतात. ते झोपण्याआधी स्वतःला भिंतीला बांधून घेतात. त्यांच्यातल्या एकीनं तिथे रोप वाढवलं आहे आणि त्याला फूल आल्यावर सगळे ते बघायला गोळा झाले होते. शेवटी एकच वाक्य होतं: पुढील सर्व पानांत ज्याला ‘लक्ष्य’ म्हटलं आहे, ते हे आहे. मी आयुष्यभर भाषेवर पोट भरलं, पण इतकं सरळ वाक्य मला कधी लिहिता आलं नाही.

दिवाळीनंतर अहवाल स्वीकारल्याचं तिला कळलं. काम उत्कृष्ट झालं असा शेरा होता. पहिलं पान विषयाला धरून नाही म्हणून काढलं होतं. आणि बचावाची दोन पानंही काढली होती. ती अपुरी आहेत, त्यावर स्वतंत्र विचार व्हावा, असं कोणीतरी समासात लिहिलं होतं. मधली शंभर पानं तेवढी पुढे गेली. कुठे, कोणाकडे, हे विचारण्याचा तिला अधिकार नव्हता. तिला एका नव्या विभागात मोठी जागा देऊ केली गेली. तिथे काय चालतं ते घरच्यांनाही सांगायचं नाही, अशी अट होती. तिनं नकार दिला आणि आपल्या जुन्या, इशारे देण्याच्या कामावर परत गेली. ती जागा दुसऱ्या कोणीतरी घेतली. ते कोण, तेही ती सांगत नाही, एवढंच म्हणाली, “माझ्यापेक्षा हुशार आहे.”

मी हे भाऊजींना सांगितलं तेव्हा ते दाल बाजारातून आणलेली मूगडाळ परातीत निवडत होते. मान वर न करताच म्हणाले, “पान फाडलं तरी लिहिलं होतं ना तिनं. तिनं लिहिलं होतं.” आणि निवडलेल्या डाळीतूनच पुन्हा खडे शोधू लागले.

आपण सज्जन माणसं आपल्या हातून निघालेल्या गोष्टींच्या मागे किती पावलं जाऊ शकतो? शब्द सुटला की तो आपला राहत नाही, हे मी जाणते. आकडाही राहत नाही, हे मला या वयात लेकीनं शिकवलं. तिची ती शंभर पानं आज कुठल्या कपाटात आहेत, की कुठल्या टेबलावर उघडी पडली आहेत? ज्याच्या समोर ती आहेत तो दुष्टच असेल असंही नाही. कदाचित तोही कुणाचा काका असेल आणि त्याचं गणित अचूक असेल.

गेल्या पौषात एका सकाळी, दाट धुक्यात समोरचं घरही दिसत नव्हतं तेव्हा, इराचा फोन आला. एक तुकडा स्थानकाच्या फार जवळून गेला होता. यादीत नसलेला, अनोळखी. वाट बदलायला वेळच मिळाला नाही. माणसं कुपीत जाऊन बसली आणि वाट पाहत राहिली.

“कुठून आला होता?” मी विचारलं.

“माहीत नाही. कोणाचा तरी जुना कचरा असेल.”

“असेल म्हणजे?”

“आई, अपघात आणि हल्ला दिसायला सारखेच असतात. मीच लिहिलंय ते, चौथ्या प्रकरणात. ज्याला मारायचंय तो ते कचऱ्यासारखंच दिसेल असं करेल.” मग, मला धीर द्यावा म्हणून, ती घाईनं म्हणाली, “पण चुकलं ना ते. चुकलं. सगळे बरे आहेत.”

मी जन्मभर मुलींच्या वह्यांत शब्द दुरुस्त केले. संकट टळतं, नेम चुकतो. एवढा भेद तर शाळकरी पोरीलाही कळतो. इतकी वर्षं इरा प्रत्येक वेळी ‘टळलं’ म्हणत आली होती. त्या सकाळी ती ‘चुकलं’ म्हणाली, आणि मी तिला दुरुस्त केलं नाही.