लेकीच्या रायफलची मूठ
भाकरीची उकड मळताना तिचा वास आला की मला लेकीची एअर रायफल आठवते. रायफलची मूठ तिला जाड व्हायची, बोट चापापर्यंत नीट पोचत नसे, आणि जिल्ह्याची निवड चाचणी रविवारी होती. बदली मुठीसाठी मी वहीत सगळी मापं लिहिली आणि पूर्णगडला होड्या बांधणाऱ्या सुतारकाकांकडे तिला घेऊन गेले. वही बघून काका म्हणाले, "वहिनी, ही मापं कोणाच्या हाताची?" "माझ्या." "मग रविवारी तुम्हीच जा नेम धरायला!" लेक खो खो हसत सुटली. काकांनी घरातून उकडीचा गोळा मागवला आणि तिला म्हणाले, "रायफल धरतेस तसा धर बघू." त्या ठशांवरून त्यांनी फणसाच्या लाकडाची मूठ कोरली. रविवारी लेक निवडली गेली. आजही वहीतल्या मापांच्या माझ्या प्रत्येक यादीची पहिली ओळ असते : हात कोणाचा?