डॅशबोर्डवरचा न लागलेला दिवा

ती घटना आजही आठवते, आणि बहुतेक वेळा गाडीची किल्ली फिरवतानाच आठवते. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे दोन-तीन सेकंद लागतात आणि मग एकेक विझतात. गाडी तेवढ्यात आपली आपण तपासणी करून घेते. मी निवृत्त आहे, मला कुठे वेळेवर पोहोचायचं नसतं, तरी ते दिवे विझेपर्यंत मी गिअर टाकत नाही. शेजारी बायको बसलेली असते. तिला कारण ठाऊक आहे.

मी मूळचा ठाण्याचा. पंचविशीत सिडनीला आलो, पोलिसात भरती झालो आणि नोकरीची शेवटची वर्षं पश्चिम सिडनीत अपघातांच्या तपासात काढली. आमच्या पोलीस स्टेशनात मराठी बोलणारा मी एकटा. अपघातात मराठी माणूस असला की फाइल माझ्या टेबलावर यायची. आपल्या माणसाला बोलतं करावं ते मीच, असा माझा लौकिक होता आणि मला त्याचा चांगलाच गर्व होता. या प्रकरणात तोच नडला.

जानेवारीतली दुपार होती, रस्ता कोरडा. वसईकडचं एक ख्रिस्ती जोडपं क्वेकर्स हिलला राहायचं. नाव सांगत नाही, त्याला वसईकरच म्हणतो. हॉस्पिटलात एक्स-रे काढायची नोकरी, वय चाळिशीच्या आत. त्याच्या सासूबाई पहिल्यांदाच ऑस्ट्रेलियात आल्या होत्या. जावई त्यांना घेऊन ब्लॅकटाउनला मासळी आणायला गेला होता. परतताना पुढचा ट्रक अचानक थांबला. वसईकरने करकचून ब्रेक दाबला आणि स्टीअरिंग उजवीकडे फिरवलं. गाडी वळलीच नाही. सरळ घसरत जाऊन तिची डावी बाजू ट्रकच्या मागच्या कोपऱ्यावर आदळली. डाव्या सीटवर सासूबाई होत्या. त्या जागीच गेल्या.

रस्त्यावर चार चाकांच्या काळ्या, अखंड रेघा उमटल्या होत्या. त्या पाहूनच आमच्या गाड्या तपासणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिकने तोंड वाकडं केलं. कितीही जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ नयेत म्हणून हल्लीच्या गाड्यांत एबीएस नावाची यंत्रणा असते. चाक जाम झालं की गाडी घसरते, आणि घसरणारी गाडी स्टीअरिंगचं ऐकत नाही. एबीएस चालू असतं तर अशा रेघा उमटल्या नसत्या आणि गाडी वळली असती.

मेकॅनिकने एबीएसचा डबा काढून टेबलावर वेगळा जोडला आणि त्यातली नोंद वाचली. पुढच्या एका चाकाच्या सेन्सरची वायर आतून तुटलेली होती. डब्याला त्या चाकाचा वेग कळत नव्हता, म्हणून त्याने यंत्रणा बंद करून टाकली होती. अशा वेळी साधा ब्रेक चालूच राहतो, त्यामुळे रोज गाडी चालवताना काही जाणवत नाही. चालकाला कळावं म्हणून डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागतो आणि दुरुस्ती होईपर्यंत लागलेलाच राहतो.

"दोष जुना आहे, दोस्त. कित्येक महिन्यांचा," तो म्हणाला.

माझ्या डोक्यात हिशेब जुळला. वसईकरने गाडी सप्टेंबरात सेकंडहँड घेतली होती. तेव्हा दिवा लागलेला असता तर त्याने ती घेतलीच नसती. म्हणजे दिवा नंतर लागला, महिनोन्महिने डोळ्यांसमोर होता, आणि तरीही याने म्हाताऱ्या बाईला शेजारी बसवून गाडी काढली. घटनास्थळी मी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता की कुठलाच दिवा कधी लागला नाही. मला ते खोटं वाटलं, आणि खोटं बोलणाऱ्याचा मला मनापासून राग यायचा.

चौकशीसाठी त्याला बोलावलं तेव्हा त्याची बायको बरोबर आली होती. आईचं दफन होऊन आठवडाही झाला नव्हता. काउंटरपाशी तिने मला थांबवलं.

"सर, गाडी घेतली ना, त्याच्या नेक्स्ट डेला आम्ही चर्चला नेली होती. मिस्सा झाल्यावर फादरांनी ब्लेस केली. माझ्याकडे अख्खा व्हिडिओ आहे, किल्ली लावल्यापासूनचा. बघता का?"

मी म्हणालो, "बाई, आशीर्वादाचा व्हिडिओ पुरावा होत नाही." ते वाक्य मला त्या वेळी फार समर्पक वाटलं होतं. तिने फोन पर्समध्ये ठेवला.

वकील नको, असं वसईकर स्वतःच म्हणाला. लपवायचं काय आहे, असं त्याचं म्हणणं. चौकशीची खोली तयार होईपर्यंत मी त्याला चहा दिला आणि मराठीत बोलायला लागलो. खरं तर ते करायला नको होतं. जे काही बोलायचं ते रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर, काही बोलायचं बंधन नाही ही सूचना देऊन, हा नियम मला पाठ होता. पण मी मनाशी म्हटलं, दोन घटका आपल्या भाषेत बोललं तर काय बिघडतं? दहा मिनिटांत तो मला सरवरून दादा म्हणायला लागला.

"दादा म्हणतोस ना, मग दादाला खरं सांग," मी म्हणालो. "पिवळा दिवा होता की नाही?"

"नव्हता हो दादा. असता तर दाखवली असती की गाडी."

"तुझी नोकरी काय? बघायची. हाडातली केसाएवढी चीर तुला दिसते, आणि डोळ्यांसमोरचा दिवा दिसला नाही?"

मी आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नसे. "पहाटेच्या शिफ्टला जातोस. बाहेर अंधार, डॅशबोर्ड उजळलेला. आठवून बघ. डाव्या बाजूला पिवळं काही? यंत्रात नोंद आहे रे. यंत्र कशाला खोटं बोलेल?"

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "असेल दादा. पिवळं काहीतरी... हो, होतं वाटतं."

अर्ध्या तासाने रेकॉर्डिंग सुरू झालं तेव्हा त्यातलं 'वाटतं' गेलेलं होतं. दिवा पाहिला होता, नाताळ झाला की गाडी मेकॅनिकला दाखवू असं ठरवलं होतं, असं त्याने इंग्रजीत स्पष्ट सांगितलं. नाताळचं मी त्याला सुचवलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं, आणि त्यावरच मी खूश झालो. खोटं बोलणारा माणूस असला तपशील आणत नाही, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. शोकात बुडालेला माणूस स्वतःला शिक्षा करायला तपशील शोधून आणतो, हे मात्र त्या वीस वर्षांत मला कोणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने विचारलं, "डॅशबोर्ड पार चुरडलाय. उघडून दिव्याचं बघायचं म्हटलं तर दोन दिवस लागतील. बघू का?"

"गरज नाही. त्याने कबूल केलंय," मी म्हणालो.

वसईकरने कोर्टात निष्काळजीपणाचा गुन्हा मान्य केला. तुरुंगवास टळला, लायसन्स गेलं. त्याच्या बायकोने कोर्टात ती कबुली शब्दन् शब्द ऐकली आणि तिथूनच ती बहिणीकडे टार्निटला, मेलबर्नला निघून गेली. आईला नेताना याला दिवा दिसत होता, हे तिला सहन झालं नाही. काही महिन्यांनी कळलं की त्याने एक्स-रेचं कामही सोडलं आणि त्याच हॉस्पिटलात अपॉइंटमेंट लिहून घ्यायला बसला. प्लेटवर जे दिसतं ते खरंच आहे की नाही याची खात्री वाटत नाही, असं तो वरिष्ठांना म्हणाला होता. फाइल बंद झाली. गाडी भंगारात गेली.

वर्ष उलटल्यावर ब्लॅकटाउनच्या एका नर्सचा फोन आला. तिने जाहिरात पाहून एका माणसाकडून सेकंडहँड गाडी घेतली होती. डॅशबोर्डमधली घड्याळाची लाइट बदलायला म्हणून गॅरेजवाल्याने तो उघडला, तर एबीएसच्या चिन्हामागे काळी टेप चिकटवलेली सापडली. दिवा मागे जळत होता, पण बाहेर दिसत नव्हता. अशा आणखी गाड्या विकल्या असतील, तुम्ही बघा, असं ती म्हणाली. मी विकणाऱ्याचा नंबर लिहून घेतला. लिहितानाच तो ओळखीचा वाटला. जुनी फाइल काढली. वसईकरच्या खरेदीच्या पावतीवर तोच नंबर होता.

दोन्ही कागद शेजारी ठेवून मी तो नंबर पुन्हा एकेक आकडा जुळवून पाहिला.

विक्रेत्याच्या चौकशीला मात्र मी सगळे नियम पाळले. तो आरामात खुर्चीत रेलून बसला होता. नर्सच्या गाडीबद्दल त्याने हात वर केले. आधीच्या मालकाचं काम असेल, म्हणाला. मी वसईकरच्या गाडीचं विचारलं तेव्हा हसला.

"त्या गाडीचा दिवा तर लागत होता. त्या माणसाने स्वतः कोर्टात सांगितलंय. तुम्हीच लिहून घेतलंत ना, ऑफिसर?"

मी घेतलेली कबुली त्याने माझ्यासमोर ढालीसारखी धरली होती. गाडी भंगारात जाऊन चेपली गेली होती आणि डॅशबोर्ड उघडायचे दोन दिवस मी वाचवले होते. हातात काहीच नव्हतं. फक्त एका बाईच्या फोनमध्ये कदाचित काहीतरी होतं.

मी विमानाने मेलबर्नला गेलो. टार्निटमधल्या बहिणीच्या घरी तिने दार उघडलं. मला ओळखलं, पण आत या म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळं सांगितलं.

"तेव्हा मी म्हटलं होतं, व्हिडिओ बघा," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही नाही बघितला. आणि मग मीपण नाही बघितला, सर. मी तुमच्यावर विश्वास ठेवला. त्याच्यावर नाही."

फोन नवा होता, पण व्हिडिओ जपलेला होता. चर्चचं पार्किंग, आरशाला नवी कोरी जपमाळ, बॉनेटवर पवित्र पाण्याचे थेंब. मग वसईकरचा हात, किल्ली आणि त्याचा हसरा आवाज: "हां, घे घे, आता स्टार्ट करतो." डॅशबोर्ड उजळतो. बॅटरी, इंजिन, सीटबेल्ट, हँडब्रेक, सगळे दिवे लागतात. एबीएसची जागा काळी राहते. आमच्या मेकॅनिकने त्याच मॉडेलची दुसरी गाडी आणून किल्ली फिरवली. तिथे त्या जागी पिवळा दिवा लागला आणि तीन सेकंदांनी विझला. धडधाकट गाडीत तो दिवा सुरुवातीला लागायलाच हवा. वसईकरच्या गाडीत तो पहिल्या दिवसापासून झाकलेला होता, आणि तो माणूस पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

विक्रेत्याच्या गॅरेजवर छापा घातला. विकायला ठेवलेल्या आणखी दोन गाड्यांत तशीच टेप मिळाली आणि पुढचं काम सोपं झालं. त्याला शिक्षा झाली. वसईकरची शिक्षा कोर्टाने रद्द केली. तोंडी चौकशी कशी झाली याचं निवेदन मी स्वतः लिहून दिलं, चहाच्या कपासकट. मला लेखी ताकीद मिळाली. ती फारच कमी होती असं मला वाटलं.

निकालाचा कागद घेऊन मी क्वेकर्स हिलला गेलो. त्याची बायको आदल्या आठवड्यातच परत आली होती. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने त्याला व्हिडिओ लावून दाखवला. त्याने तो तीनदा पाहिला.

"यात नाहीये दिवा," तो म्हणाला. "पण नंतर लागला असणार. मला आठवतो ना, दादा. पहाटे शिफ्टला जाताना डाव्या बाजूला असायचा. नाताळनंतर दाखवू म्हटलं होतं मी."

"अरे, टेप होती तिथे," बायको म्हणाली. "कसा दिसेल तुला?"

"ते मला समजतं गं. पण दिसतो मला."

तिने माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत नव्या मुलांना मी एवढंच शिकवलं, की साक्षीदाराला विचारा, काय दिसलं. काय दिसलं असेल, ते तुम्ही सांगू नका. आणि कबुली मिळाली म्हणून तपास थांबवू नका. ठासून सांगायचो, ते वहीत लिहूनही घ्यायचे. स्वतःपुरतं मला जे शिकायला मिळालं ते याहून वाईट आहे. मी त्या माणसाला मारलं नाही, धमकावलं नाही, त्याच्याशी गोडच बोललो. त्याने मला आपलं मानलं म्हणून त्याच्या डोक्यात ती खोटी आठवण बसली. परक्या अधिकाऱ्यासमोर तो कदाचित नाही म्हणत टिकला असता.

लायसन्स परत मिळूनही तो गाडी चालवत नाही. अधूनमधून रविवारी मी त्यांच्याकडे जातो. ते दोघं मला चहा देतात, हा त्यांचा मोठेपणा. मागच्या महिन्यात त्याला माझ्या गाडीतून चर्चला सोडणार होतो. तो शेजारी बसला. मी किल्ली फिरवली. सगळे दिवे लागले, एबीएसचाही लागला. तो पुढे वाकून एकटक बघत होता. दिवे एकेक विझले.

"गेला का?" त्याने विचारलं.

"गेला."

"नक्की?"

"तूच बघ ना. समोर आहे."

त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मागे टेकून सीटबेल्ट लावला.

"तुम्ही म्हणताय तर गेला असेल, दादा."