सिस्टरच्या सासऱ्यांचे अठ्ठावीस श्वास

आमच्या समोरच्या दारातली सिस्टर हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात काम करते. रुग्ण आला की नाडी, रक्तदाब, ताप, ऑक्सिजन, शुद्ध, श्वास असं सगळं तपासून गुण द्यायचे आणि बेरजेवरून ओळखायचं, जिवाला धोका किती. शाळेत गुण वाढले की कौतुक. इथे वाढले की पळापळ. बाकी सगळं मोजतात, श्वास मात्र कुणी मोजत नाही. अंदाजाने अठरा लिहायचे आणि मोकळं व्हायचं. ही एकटी घड्याळ धरून पुरतं मिनिट मोजते. तिथे तिला ‘मिनिटबाई’ म्हणतात. आमच्या जिन्यात ते नाव कुणी पसरवलं, विचारू नका.

गेल्या महिन्यात एका सकाळी तिच्या सासऱ्यांना ताप भरला, धाप लागली. तिच्याच हॉस्पिटलात नेलं, सोबत मीही गेले. शेजारधर्म म्हणा, चौकसपणा म्हणा. कागदावर श्वास आधीच अठरा! तिने मोजले तर अठ्ठावीस. अठरा धरले तर बेरीज तीन, म्हणजे साधा वॉर्ड. अठ्ठावीस धरले तर सहा, म्हणजे देखरेखीचा बेड. आणि तो एकच रिकामा.

“सूनबाई, मला पोचवायची एवढी घाई?”

“मामंजी, बोलू नका हो, मोजणी बिघडते.”

डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, हे तर विनोद करताहेत. तुम्ही सून म्हणून मोजताय की सिस्टर म्हणून?”

ती गडबडलीच. काळजीपोटी जास्त मोजले की काय? पुन्हा मोजले, सव्वीस. पुन्हा, एकोणतीस. मग घड्याळ माझ्या हातात कोंबलं. “काकू, तुम्ही मोजा. तुम्हाला कुणाचं काही वाटत नाही.”

घ्या! मी विसापर्यंत पोचले, तोच म्हातारबुवांनी डोळा मारला आणि माझं गणित कोसळलं. शेवटी डॉक्टरांनी स्वतः मिनिटभर मोजले, अठरावर काट मारून अठ्ठावीस लिहिले. बेड मिळाला. संध्याकाळी ऑक्सिजन घसरला, तेव्हा यंत्र आणि माणसं उशाशीच होती.

दहा दिवसांनी सासरे घरी आले, ते तोऱ्यातच. “चुकला ना तुझा आकडा? आहे की मी!”

“आकडा एवढंच सांगतो, बेरीज सहा आलेल्या शंभरांतले आठेक जातात.”

“मग मी आठांतला होतो की ब्याण्णवांतला?”

“बेड मिळायच्या आधी की नंतर? मलाच कळेना झालंय, मामंजी.”

म्हातारबुवा माझ्याकडे वळले. मला कळलं असतं, तर आत्तापर्यंत मी गप्प बसले असते का?