फोन कपाटात गेल्यावर

आमच्या शाळेत आम्ही तिघंच शिक्षक. मी, साळवी सर आणि मुख्याध्यापिका मोरे मॅडम. एवढ्याशा स्टाफरूममध्ये किस्से कुठून होणार, असं वाटेल. पण यंदा मॅडमनी शाळेच्या वेळात तिघांचेही फोन कपाटात ठेवायला लावले, आणि मग किस्से मोजायचंच सोडून दिलं.

सुरुवात साळवी सरांपासून. "मी फोन फारसा बघतच नाही," ते मधल्या सुट्टीत म्हणाले. मॅडमनी त्यांच्याच फोनवर स्क्रीन टाइम काढून दाखवला. दिवसाला सात तास!

सरांचा चेहरा उतरला. "मॅडम, एवढं तर मी शिकवतसुद्धा नाही."

"ते मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या आणि कपाटाची किल्ली काढली.

•

पहिल्या दिवशी माझा हात सारखा रिकाम्या खिशात जाई. मॅडमनी सांगितलं, हात गेला की फळ्याच्या कोपऱ्यात एक रेघ मारा. मधल्या सुट्टीपर्यंत एकतीस रेघा झाल्या. मी बघतच राहिलो.

चौथीतल्या सईनं काळजीनं विचारलं, "सर, खिशात काय चावतंय काय?"

•

मॅडमनी घरीही नियम केला. जेवताना सगळ्यांचे फोन फ्रिजवर. पहिल्याच दिवशी कॉलेजातली लेक ताटाकडे बघून म्हणाली, "आई, हे काय केलंयस?"

"दोडकं. तुझ्यासाठी दर मंगळवारी करते."

"मला दोडकं आवडत नाही गं."

मॅडम सांगत होत्या, "तीन वर्षं खातेय ती!"

•

साळवी सर दासगावहून एसटीनं येतात. स्टॉपवर फोन बॅगेच्या तळाशी ठेवायचा, ही सवय त्यांनी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी त्यांनी दचकून चहावाल्याला विचारलं, "अरे, इथला पिंपळ कधी तोडला?"

"दोन वर्षं झाली, सर. तुम्ही इथंच बसला होतात. फांदी पडली तेव्हा पाय तेवढे वर घेतलेत."

•

दर रविवारी मी महाडहून कशेडी घाटाखालच्या आमच्या गावी जातो. तिथं वडील एकटेच राहतात. गेल्या रविवारी पहिल्यांदाच फोन घरी ठेवून गेलो.

आबांनी माझ्यासाठी चहा ओतला, तो कपाशेजारी, टेबलावर. त्यांनी भांडं पुन्हा नीट धरलं, आणि चहा पुन्हा शेजारीच पडला.

"आबा, काय होतंय?"

"उजव्या डोळ्यानं दिसत नाय रे. गणपतीपासनं."

"गणपतीपासून? मग मला सांगितलं का नाहीत?"

आबा फडक्यानं टेबल पुसत होते.

"तीन रविवार सांगितलं. तिन्ही वेळा तू 'बरं झालं, आबा' म्हणालास."