माझा खांदा आणि माझ्याच हाताची गाय

उजवा खांदा धरला तेव्हा वेणी घालायलाही हात वर जाईना. वडगाव निंबाळकरला लग्न होऊन आले तेव्हापासून दोन्ही वेळच्या धारा माझ्याकडं. धारा काढायचं मशीन आणलं, पण आमची थोरली गाय त्याच्या आवाजानं दावं तोडायला बघते, आणि माझ्याशिवाय कुणी कासेखाली बसलं की लाथ घालते. ती फक्त माझ्याच हाताला पान्हवते, हे आमचे मालक चारचौघांत कौतुकानं सांगतात. त्या कौतुकापायी माझा खांदा कामातनं गेला.

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी हात फिरवून बघितला. म्हणाल्या, हाड चांगलं आहे, स्नायू आखडलेत. शेक द्या, भिंतीवर बोटं हळूहळू वर चढवा आणि थोडे दिवस धारा बंद. दुर्लक्ष केलं तर हात असाच अडकून बसेल.

घरी येऊन हे सांगितलं, तर मालक म्हणाले, "मग गाईचं कसं?"

माझं कसं, हे कुणी विचारलं नाही. उलट मालकांनी गोठ्यातली ट्यूब आणून दिली, गाईची कास सुजली की लावतो ती. "गाईला लागू पडतं, तुला का न्हाय पडायचं?" मीही शहाणी, लावली. कातडं असं पोळलं की शेकसुद्धा सोसेना. आग थांबेपर्यंत शेक बंद, धारा मात्र चालूच.

मग तव्यावर खडेमीठ तापवून फडक्यात पुरचुंडी बांधायला लागले. खांद्यावर ठेवली की जरा जीवात जीव यायचा. पण बाई भिंतीला टेकलेली दिसली की घरातल्यांना सगळं एकदम हवं असतं. चहापत्ती कुठं हाय, चार्जर कुठं हाय. उठून परत येईस्तोवर मीठ गार. भिंतीवर बोटं चढवायला घेतली, तर सासूबाई म्हणाल्या, "पाल धरतीस व्हय?" संताप नुसता.

एका संध्याकाळी कासेला हात लावला आणि खांद्यातनं अशी कळ गेली की बादली सोडून उठले. आत येऊन मीठ तापवलं, ओट्यावर बसले. म्हटलं, आज मी उठणार नाही. काय व्हायचं ते होऊ दे.

गाय हंबरायला लागली. मालक गोठ्याच्या दारात घुटमळत उभे. तेव्हा सासूबाई आतनं म्हणाल्या, "तिचं धारंचं लुगडं गुंडाळ अंगाभवती आन् बस. गाईला वास कळतो."

मालक माझं शेणानं माखलेलं लुगडं गुंडाळून बसले. गाईनं हुंगलं, पाय जरा मागं घेतला आणि पान्हा सोडला. बादलीत धार वाजायला लागली.

मला आनंद व्हायला हवा होता. अंगाचा तिळपापड झाला. सासूबाईंना विचारलं, हे तुम्हाला ठाऊक होतं?

"ठाव न्हाय तर. माझ्या बाळंतपणात तुझा सासरा असाच बसायचा."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू कधी उठणार न्हाय म्हणालीस?"

रडू आलं आणि रागही आला, दोन्ही गिळले. मालक भरलेली बादली घेऊन हसत ओट्यावर आले. पुरचुंडी गार झाली होती. ती त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "तापवून आणा."