छत्रीचं एक मत

“कुणाचं हाय ते एक मत? आत्ताच्या आत्ता पुढं या!” सरपंच असे ओरडले की चाकणच्या कंपन्यांतली मशिनं दचकून बंद पडली असतील.

काल मत देऊन आलो, बोटावरची शाई बघितली आणि वीस वर्षांपूर्वीचं देवळापुढचं ते गच्च भरलेलं अंगण डोळ्यांसमोर आलं. आमच्या गावात मत आधी देवळात ठरायचं. बेलभंडारा उचलून गाव शपथ घ्यायचं आणि सगळी मतं सरपंचांना जायची. भिकूअण्णा तेवढे भंडाऱ्याला हात लावत नसत. म्हणून समोरच्या उमेदवाराच्या छत्री या चिन्हाला दर वेळी एकच मत पडायचं, ते त्यांचं.

त्या वर्षी अण्णा मतदानाआधीच वारले. उरलेल्या साऱ्या गावानं भंडारा उचलला, त्यांच्या विधवा सोनाकाकूंनीसुद्धा. तरी मोजणीत छत्रीला एक मत निघालं! भर उन्हात माझ्या अंगावर असा काटा आला की सदरा वीतभर वर उचलला गेला.

“शपथ मोडणाऱ्याच्या घरचा नळ आजच तोडतो,” म्हणत सरपंच काकूंकडे वळले. “काकू, तुमीच ना?”

वारा नव्हता, तरी देवळातली घंटा हलत होती. काकूंच्या मागं मला काठी टेकलेली अण्णांची सावली दिसली, भंडाऱ्याची आण! आज वाटतं, सावली सोडून काकूंच्या तोंडाकडं बघायला हवं होतं.

काकूंनी पदर सारखा केला.

“यांनी कधी मतदान चुकवलंय का?”